उन्हाळी हंगामातले कोणते चित्रपट थिएटरमध्ये पाहायचे, हे कसं ठरवावं

हॉलिवूडचा उन्हाळी हंगाम मेच्या पहिल्या वीकेंडला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे अमेरिकेतल्या लेबर डेला संपतो. साधारण १८ वीकेंड. त्यातल्या बहुतेक वीकेंडला एक तरी मोठा चित्रपट येतो आणि प्रत्येकाची जाहिरात हाच चित्रपट पाहायलाच हवा असं सांगत असते. समोर येईल तो पाहू असं म्हटलं, की मेमध्ये तीन-चार चित्रपट घाईघाईनं पाहून होतात, त्यातले दोन निराश करतात, आणि खरोखर मोठ्या पडद्यासाठी बनलेला चित्रपट जुलैत येतो तेव्हा वेळ, पैसे आणि उत्साह तिन्ही संपत आलेलं असतं.

निवड फसते ती बहुधा एकाच कारणानं. चित्रपट चांगला असेल का, हा एक प्रश्न. तो थिएटरमध्येच आणि याच आठवड्यात पाहायला हवा का, हा दुसरा. आपण दोन्ही एकत्र करतो. चांगली कथा दोन महिन्यांनी घरी पाहिली तरी चांगलीच वाटते. उलट एखादा बेताच्या कथेचा चित्रपट आवाज आणि भव्य दृश्यांच्या जोरावर थिएटरमध्ये मजा देतो, आणि तोच घरी अर्ध्यावर बंद करावासा वाटतो. पहिल्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर चित्रपट पाहिल्याशिवाय मिळत नाही. दुसऱ्याचं मात्र प्रदर्शनाच्या महिनाभर आधी बऱ्यापैकी मिळतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे त्याचा रोख दुसऱ्या प्रश्नावर जास्त आहे.

आधी आकडा, मग यादी

एप्रिलच्या शेवटी चारही महिन्यांचं वेळापत्रक समोर घ्या आणि सगळ्यात आधी एक आकडा लिहा: या हंगामात थिएटरमध्ये किती चित्रपट पाहणार? चित्रपटांची चांगली आवड असलेल्यालाही चार ते सहा पुरतात. आकडा यादीच्या आधीच ठरवायचा, कारण नावं समोर आली की प्रत्येक नाव महत्त्वाचं वाटायला लागतं. समजा पाच ठरवले, तर आत्ता चारच भरा. पाचवी जागा मोकळी ठेवा. ज्याच्याकडे आधी कुणाचंच लक्ष नव्हतं असा एखादा चित्रपट अधूनमधून निघतोच. ‘द सिक्स्थ सेन्स’ ६ ऑगस्ट १९९९ ला, हंगाम ओसरत असताना आला आणि अमेरिकेत सलग पाच वीकेंड पहिल्या क्रमांकावर राहिला. लोकांनी एकमेकांना सांगून तो चालवला. एप्रिलमध्ये पाचही जागा भरून टाकणाऱ्याला अशा चित्रपटासाठी मग ठरलेल्यातला एक सोडावा लागतो.

तारखाही बरंच काही सांगतात. ‘जॉज’ २० जून १९७५ ला एकाच वेळी चारशेहून अधिक थिएटरमध्ये लागला, त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला, आणि उन्हाळा म्हणजे मोठ्या चित्रपटांचा काळ हे गणित तिथून पक्कं झालं. तेव्हापासून मेची सुरुवात, मेच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे आणि ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आसपासचा आठवडा या जागांसाठी स्टुडिओंची चढाओढ असते. जूनमध्ये अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागलेली असते, म्हणून ॲनिमेशन आणि कौटुंबिक चित्रपट तिथे गर्दी करतात. ऑगस्टमध्ये ज्यांच्यावर स्टुडिओचा फारसा भरवसा नाही असे चित्रपट येतात. त्यांच्याच बरोबर भयपट, कमी खर्चाचे विनोदी चित्रपट आणि धाडसी कल्पनाही येतात. मोक्याची तारीख मिळाली याचा अर्थ एवढाच की त्या चित्रपटावर भरपूर पैसा लागला आहे. तो चांगला आहे, असं त्यातून निघत नाही.

तारीख पुढे ढकलली किंवा पुन्हा चित्रीकरण झालं की लगेच ‘गडबड आहे’ अशा बातम्या येतात. त्यावर यादीतून नाव खोडू नका. ‘टायटॅनिक’ आधी २ जुलै १९९७ ला येणार होता, काम पुरं झालं नाही म्हणून १९ डिसेंबरला आला. ‘वर्ल्ड वॉर झी’चा शेवट नव्यानं लिहून पुन्हा चित्रित केला गेला, आणि जून २०१३ मध्ये लागल्यावर तो चांगला चालला. वेळ घेऊन केलेली दुरुस्ती चित्रपटाच्या फायद्याचीच असते. खरी काळजी वाटावी ती वेगळ्या परिस्थितीत: दिग्दर्शक मध्येच बदलला, पण प्रदर्शनाची तारीख मात्र तीच राहिली. नव्या माणसाला विचार करायला वेळच मिळालेला नसतो, आणि असा चित्रपट अनेकदा दोन वेगवेगळ्या चित्रपटांचे तुकडे जोडल्यासारखा दिसतो.

ट्रेलर पाहायची पद्धत

ट्रेलर बहुतेक वेळा चित्रपटाचा संकलक कापत नाही. प्रसिद्धी विभाग हे काम ट्रेलर बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्यांना देतो, आणि तेही चित्रपट पुरा व्हायच्या आत. त्यामुळे त्यातलं संगीत अनेकदा चित्रपटातलं नसतं, व्हीएफएक्स (संगणकावर तयार केलेले दृश्य-परिणाम) कच्चे असतात, कधी कधी तर दृश्यंसुद्धा अंतिम चित्रपटात राहत नाहीत. २०१६ च्या ‘रोग वन’च्या ट्रेलरमधली काही ठळक दृश्यं प्रत्यक्ष चित्रपटात नव्हती. म्हणजे ट्रेलरवरून चित्रपटाचा दर्जा थेट कळत नाही. तरी त्यातून काढून घेण्यासारखं खूप असतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

ट्रेलर दोनदा पाहा, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून. आवाजासकट पाहताना संवादांकडे लक्ष द्या. दोन पात्रं एकमेकांशी सलग बोलताहेत, एकाचं वाक्य ऐकून दुसऱ्याचा चेहरा बदलतोय, असं एक तरी दृश्य आहे का? की सगळी वाक्यं सुटी सुटी, कुणाशी बोललेली आहेत ते न कळणारी, फक्त घोषणेसारखी? ट्रेलर बनवणाऱ्याला सुटं वाक्य कुठूनही उचलता येतं. जमून आलेली देवाणघेवाण मात्र मूळ चित्रीकरणात असेल तरच दाखवता येते.

आवाज बंद केल्यावर ढोल, घुमणारे सूर आणि अचानक येणारी शांतता यांचा प्रभाव निघून जातो आणि फक्त चित्र उरतं. आता मारामारीच्या किंवा पाठलागाच्या दृश्यात कोण कुठे उभं आहे, कुठून कुठे जातंय हे कळतं का ते पाहा. एखादं दृश्य तीन-चार सेकंद न कापता ठेवलं आहे का? माणसांच्या चेहऱ्यावरचा उजेड मागच्या पार्श्वभूमीशी जुळतो का? व्हीएफएक्स नंतर सुधारतात, पण चित्रीकरणाच्या वेळी चुकलेली प्रकाशयोजना सहसा तशीच राहते. स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर सपाट उजेडात उभी केलेली पात्रं ट्रेलरमध्ये जशी दिसतात तशीच मोठ्या पडद्यावर दिसतील, किंबहुना जास्त खटकतील.

मग तिसरी गोष्ट: कपडे आणि जागा मोजा. सगळी दृश्यं दोन-तीन ठिकाणची, पात्रं त्याच कपड्यांत, असं असेल तर ट्रेलर चित्रपटाच्या पहिल्या तासातून कापलेला असण्याची शक्यता मोठी. ही चांगली खूण. पुढचं न दाखवताही लोक येतील, असा स्टुडिओला विश्वास आहे. याउलट पडझड झालेलं शहर, जखमी नायक, मरताना दिसणारं पात्र, शेवटची लढाई हे सगळं ट्रेलरमध्येच आलं असेल, तर प्रसिद्धी विभागाला हातचं राखून ठेवायची भीती वाटली आहे.

विनोदी चित्रपटाला वेगळा निकष लावा. त्यातले सर्वात हमखास विनोद ट्रेलरमध्ये घातलेले असतात. चारातल्या दोनांवर तरी हसू आलं नाही, तर थिएटरमध्ये जाऊन फार काही वेगळं घडणार नाही. भयपटाच्या बाबतीत दचकवणाऱ्या क्षणांकडे दुर्लक्ष करा, ते कुणालाही जमतात. आधीच्या शांततेत कॅमेरा काय करतोय ते बघा.

गाजलेल्या मालिकेचा पुढचा भाग असेल तर वजाबाकी करायची. जुना नट परत आला, जुनी गाडी दिसली, जुनी धून संथ पियानोवर वाजली, हे सगळं मनातून काढून टाका आणि उरलेल्यात नवीन काय आहे ते सांगून पाहा. कोणत्याही ट्रेलरनंतर एक वाक्य करता आलं पाहिजे: कुणाला काय हवं आहे, आणि ते मिळण्यात अडचण कोणती. वाक्य झालं नाही तर कथा लपवलेली आहे किंवा ती नाहीच. कोणतं खरं, हे पुढच्या पायरीवर, म्हणजे चित्रपट बनवणाऱ्यांच्या नावांवरून ठरवा.

एक टीझर आणि एक पूर्ण ट्रेलर, एवढ्यावर थांबा. दुसरा, ‘अंतिम’, ‘खास’ ट्रेलर आणि शेवटच्या पंधरवड्यातले टीव्हीवरचे तुकडे यांतून निवडीला उपयोगी असं नवीन काही मिळत नाही. रहस्य तेवढं फुटतं.

नावं वाचा

पोस्टरच्या तळाशी बारीक, उभट अक्षरांत जी नावं असतात ती फारसं कुणी वाचत नाही. निवडीसाठी सगळ्यात भरवशाची माहिती तिथेच असते.

दिग्दर्शकापासून सुरुवात करा, पण त्याच्या सर्वात गाजलेल्या चित्रपटावर जाऊ नका. शेवटचे तीन बघा, आणि ते कुणी लिहिले होते ते बघा. चांगल्या पटकथेवर उत्तम काम करणारे पुष्कळ दिग्दर्शक कमकुवत पटकथा सावरू शकत नाहीत. छोट्या, कौतुक झालेल्या चित्रपटानंतर एखाद्याला थेट प्रचंड खर्चाचा चित्रपट मिळाला असेल तर थोडं थांबा. अशा चित्रपटांत मोठी मारधाडीची दृश्यं बऱ्याचदा दिग्दर्शक येण्याआधीच संगणकावर आखलेली असतात आणि दुसरं युनिट, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाविना काम करणारा चमू, ती चित्रित करतं. ज्या शैलीसाठी तुम्ही जाणार आहात ती पात्रांच्या दृश्यांत दिसेल, पण चित्रपटभर दिसेलच असं नाही.

लेखकांच्या नावांमध्ये एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकी लेखक संघटनेच्या नियमानुसार दोन नावांमध्ये ‘&’ ही खूण असेल तर ते दोघं जोडीनं लिहिणारे. मध्ये ‘अँड’ हा पूर्ण शब्द असेल तर दोघांनी वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे काम केलं. म्हणजे सहसा एकाचं लिखाण दुसऱ्यानं नंतर बदललं. एक जोडी ‘&’नं जोडलेली असेल तर त्यात काळजीचं काही नाही. ‘अँड’नं जोडलेली तीन नावं, आणि ‘कथा’ या श्रेयाखाली आणखी दोन निराळी नावं, असं दिसलं तर पटकथा बऱ्याच हातांतून गेली आहे. अशा चित्रपटात सुटी दृश्यं छान असतात आणि मधला भाग भरकटतो. ॲनिमेशनला हा निकष लावू नका, कारण तिथे अनेकांनी वर्षानुवर्षं मिळून कथा घडवणं हीच नेहमीची रीत आहे.

छायालेखक आणि संकलक यांची नावं शोधा आणि त्यांचे आधीचे चित्रपट पाहा. मारधाडपटात संकलकाचं नाव नटापेक्षा जास्त सांगून जातं. नटांबद्दल एवढंच: प्रसिद्ध नट चित्रपट चांगला असण्याची हमी देत नाही, पण मोजकेच चित्रपट करणारा, नाही म्हणायची सवय असलेला नट दिसला तर पटकथेत काहीतरी असावं.

पुढचा भाग असेल तर किती आधीचं पाहून जावं लागेल, हेही मोजा. आधीचा एक किंवा दोन चित्रपट पुन्हा पाहणं ठीक. चार चित्रपट आणि एक मालिका पाहिल्याशिवाय अर्थ लागणार नसेल आणि तुम्ही ती पाहिलेली नसेल, तर हा चित्रपट तुमच्यासाठी बनलेलाच नाही. त्याची जागा दुसऱ्याला द्या.

परीक्षणं आणि त्यांचे आकडे

सगळ्यात जास्त गैरसमज या आकड्यांबद्दल आहेत. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं, एवढंच ती सांगते. सगळ्या समीक्षकांनी ‘ठीक आहे, दहापैकी सहा’ म्हटलं तरी आकडा १०० दिसू शकतो. अर्ध्यांना तो वर्षातला सर्वोत्तम वाटला आणि अर्ध्यांना अजिबात आवडला नाही, तर ५० दिसेल. ६० टक्क्यांपासून ‘फ्रेश’ समजतात, आणि ‘सर्टिफाइड फ्रेश’साठी किमान ७५ टक्के लागतात. हंगामात निवडायला बसलात तर वरच्या १०० आणि ५० टक्क्यांच्या उदाहरणांपैकी ५० टक्क्यांचा चित्रपट तुमच्यासाठी जास्त मोलाचा निघू शकतो. म्हणून टक्केवारीवर टिचकी मारून आतली सरासरी बघा. टक्केवारी ९० आणि सरासरी ६.५ असेल तर चित्रपट सुखरूप आहे, विशेष नाही.

मेटाक्रिटिकचा आकडा वेगळा. तिथे समीक्षकांनी दिलेल्या गुणांची भारित सरासरी असते, म्हणजे काहींच्या गुणांना जास्त वजन असतं. चित्रपटांसाठी ६१ पासून वर हिरवा, ४० ते ६० पिवळा, त्याखाली लाल. उन्हाळ्यातल्या मोठ्या, मनोरंजनासाठी बनलेल्या चित्रपटाला ७० च्या वर मिळाले तर ती बरीच मोठी गोष्ट समजा. दोन्ही संकेतस्थळांमधला फरकच उपयोगी आहे. टोमॅटोजवर उंच आणि मेटाक्रिटिकवर मध्यम म्हणजे कुणाला त्रास न देणारा, सरळ चित्रपट. दोन्हीकडे मध्यम, पण मतं टोकाची, तर दोन परीक्षणं सविस्तर वाचा: एक सर्वात कौतुकाचं आणि एक सर्वात कडक. कडक परीक्षणात ज्या गोष्टींवर टीका आहे त्याच तुम्हाला आवडत असतील, तर उत्तर मिळालं.

सिनेमास्कोर ही तिसरी गोष्ट. पहिल्या रात्री अमेरिकेतल्या थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी दिली जाते. पहिल्या रात्री येतात ते उत्सुकच असतात, त्यामुळे श्रेणी वरच झुकते. लोकप्रिय मालिकेच्या चित्रपटाला ‘बी’ मिळाली तर चाहतेही नाराज आहेत असं समजावं. भयपटांना मात्र सहसा कमी श्रेणी मिळते. तिथे ‘सी’ पाहून घाबरायचं कारण नाही.

सामान्य प्रेक्षकांच्या मतांचे आकडे पहिले तीन-चार दिवस बघूच नका. तेव्हा दहापैकी दहा आणि दहापैकी एक अशाच मतांची झुंबड असते, त्यातली कितीतरी चित्रपट न पाहता दिलेली. हा उपद्रव इतका वाढला की २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजनं प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट घेतल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. आकड्यापेक्षा मतांची विभागणी बघा. सात-आठभोवती दाटी असेल तर मतं प्रामाणिक आहेत.

परीक्षणं कधी येतात यालाही अर्थ आहे. समीक्षकांना चित्रपट आधी दाखवतात आणि ठरलेल्या वेळेपर्यंत मत छापू नये असं बंधन घालतात. हे बंधन आठवडाभर आधी उठलं तर स्टुडिओ निर्धास्त आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी उठलं तर सावध व्हा. अपवाद रहस्य फुटण्याची खरी भीती असलेल्या चित्रपटांचा, पण तो अपवाद क्वचितच लागू पडतो. समाजमाध्यमांवरच्या ‘पहिल्या प्रतिक्रिया’ मात्र परीक्षणांच्या आधी मोकळ्या होतात. त्या देणारे लोक खास खेळाला बोलावलेले असतात, त्यामुळे त्या जवळजवळ सगळ्या गोडच असतात. महोत्सवात किती मिनिटं टाळ्या वाजल्या यालाही काही किंमत देऊ नका. निर्माते आणि कलाकार समोर उभे असताना टाळ्या लांबतातच.

सगळ्यात टिकाऊ उपाय सावकाश तयार होतो. तुमच्या आवडीशी जुळणारे दोन समीक्षक शोधा आणि एक असा, ज्याचं तुमच्याशी नेहमी उलटं पडतं. तिघांचं वाचलं की आकड्यांची गरज फारशी उरत नाही. ते शोधायला तुम्ही आधीच पाहिलेल्या दहा चित्रपटांवरची त्यांची मतं वाचा.

पडदा कोणता

‘थिएटरमध्येच पाहायला हवा का’ याचं उत्तर चित्रपट कसा चित्रित झाला यात असतं. आयमॅक्स या खास मोठ्या पडद्याच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. नेहमीच्या रुंद चौकटीत रुंदी आणि उंचीचं प्रमाण २.३९:१ असतं. बहुतेक डिजिटल आयमॅक्स पडदे १.९०:१ पर्यंत उंची देतात, म्हणजे तेवढ्याच रुंदीत सुमारे २६ टक्के जास्त चित्र. मोजक्याच ठिकाणी १.४३:१ चा पडदा असतो. तिथे वाढ सुमारे ६७ टक्के. पण ही जास्तीची उंची चित्रपटात असेल तरच दिसते. ‘द डार्क नाइट’मध्ये २००८ साली सुमारे २८ मिनिटं आयमॅक्स कॅमेऱ्यानं चित्रित झाली होती, बाकीचा चित्रपट नेहमीच्या चौकटीत. तेव्हा प्रदर्शनाआधी एवढंच शोधा: आयमॅक्स कॅमेरे वापरले का, किंवा ‘आयमॅक्ससाठी चित्रित’ असं म्हटलंय का, आणि किती मिनिटं. काहीच सापडलं नाही तर चित्रपट नेहमीच्या चौकटीतच मोठा करून दाखवला जाणार. जास्तीचे पैसे आवाज आणि आकारासाठी, चित्रासाठी नव्हे.

थ्रीडीबाबत आमचं मत कडक आहे. थ्रीडी कॅमेऱ्यानं चित्रित झालेला किंवा ॲनिमेशन असेल तरच विचार करा. बाकी बहुतेक चित्रपट चित्रीकरणानंतर संगणकावर थ्रीडीत बदललेले असतात, आणि प्रक्षेपण व चष्मा मिळून निम्म्याहून जास्त प्रकाश खातात. रात्रीची दृश्यं भरपूर असलेला चित्रपट अशा रूपात पाहणं म्हणजे छायालेखकाची मेहनत वाया घालवणं.

पडद्याइतकाच आवाज महत्त्वाचा, आणि तो विसरला जातो. शांतता आणि दिशा यांवर चालणारा भयपट, संगीतपट, अवकाशातला चित्रपट यांना चांगल्या ध्वनियंत्रणेचं थिएटर हवं. विनोदी चित्रपटाला आयमॅक्स लागत नाही, त्याला भरलेलं सभागृह लागतं. तो शनिवारी संध्याकाळच्या खेळाला पाहावा, रिकाम्या सकाळच्या खेळाला नाही. गप्पांवर, चेहऱ्यांवर आणि कथेच्या वळणांवर उभा असलेला चित्रपट घरासाठी ठेवायला हरकत नाही. पूर्वी तो घरी यायला तीन महिने लागत, आता अनेक चित्रपट दीड महिन्यात किंवा त्याआधीच भाड्यानं मिळतात.

मोठ्या पडद्याचा चित्रपट निवडलात तर त्याच्या पुढचा आयमॅक्स चित्रपट कधी येतो ते लगेच पाहा. पडदे मोजके आणि करार आधीच झालेले असतात. ‘ओपनहायमर’ २१ जुलै २०२३ ला आला आणि आयमॅक्स पडदे तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेले. त्याच्या नऊ दिवस आधी आलेल्या ‘मिशन इम्पॉसिबल’च्या भागाला त्यामुळे ते पडदे जेमतेम आठवडाभर मिळाले. ‘पुढच्या आठवड्यात निवांत बघू’ म्हणणाऱ्यांना तो साध्या पडद्यावरच पाहावा लागला.

मुलं सोबत असतील तर

अमेरिकी पीजी-१३ हा, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा, वर्ग १ जुलै १९८४ पासून आला, आणि आज उन्हाळ्यातले बहुतेक मोठे चित्रपट त्यातच बसवलेले असतात. त्यामुळे नुसत्या वर्गावरून फारसं कळत नाही. वर्गासोबत कारण दिलेलं असतं, ते वाचा. ब्रिटिश चित्रपट मंडळ तर प्रत्येक चित्रपटात हिंसा, भीती, भाषा किती आणि कशी आहे, याचं वर्णन देतं. लहान मुलांना रक्तापेक्षा आई-वडिलांपासून ताटातूट आणि प्राण्याचा मृत्यू जास्त लागतात, आणि हे प्रसंग ॲनिमेशनपटांतच जास्त असतात. लांबीही बघा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी शंभर मिनिटांच्या वर गेलं की शेवटचा भाग पालकांनाच अवघड जातो.

कोणत्या आठवड्यात

इथपर्यंत आल्यावर प्रत्येक नाव तीनपैकी एका रकान्यात टाका: पहिला आठवडा, थांबून, घरी. पहिल्या आठवड्यात फक्त दोन प्रकारचे चित्रपट जावेत. एक, ज्यांचा मोठा पडदा लवकरच दुसऱ्याकडे जाणार आहे. दुसरे, ज्यांचं रहस्य दोन दिवसांत सगळीकडे फुटेल आणि त्यानं तुमचा रसभंग होईल. बाकी कितीही उत्सुकता असली तरी ‘थांबून’ रकान्यात.

थांबणं म्हणजे दुसऱ्या वीकेंडपर्यंत. तेव्हा एक आकडा मिळतो, तो सगळ्या परीक्षणांहून बोलका असतो: पहिल्या वीकेंडच्या तुलनेत कमाई किती घसरली. मोठ्या चित्रपटांची घसरण साधारण ५० ते ६० टक्के असते. ४० च्या आत राहिली तर लोक इतरांना सांगताहेत. ६५ च्या पुढे गेली तर पाहून आलेले गप्प आहेत, किंवा बोलत आहेत ते चांगलं नाही. चाहत्यांच्या मालिकांमध्ये सगळे पहिल्याच दिवशी जातात, म्हणून तिथे थोडी जास्त घसरण धरून चाला. पहिल्या वीकेंडला सुट्टीचा सोमवार जोडलेला असेल तर चार दिवसांची आणि तीन दिवसांची कमाई एकत्र तोलली जात नाही ना, हेही तपासा. बातम्यांत ही चूक नेहमी होते.

गटानं जाणार असाल तर ‘सगळ्यांना चालेल असा’ चित्रपट शोधू नका. असा शोध जवळजवळ नेहमी कुणालाच न आवडलेल्या चित्रपटावर थांबतो. त्याऐवजी प्रत्येकानं हंगामातला एक चित्रपट निवडावा आणि इतरांनी त्याला बिनतक्रार सोबत करावी. एखाद्याच्या निवडीला ज्याला अजिबात यायचं नसेल त्यानं तेवढ्यापुरतं घरी राहावं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात यादी पुन्हा काढा. ‘थांबून’ रकान्यातला एखादा चित्रपट चौथ्या-पाचव्या आठवड्यातही बऱ्याच पडद्यांवर टिकून असेल, तर मोकळी ठेवलेली जागा त्याला द्या. तोवर पहिल्या आठवड्यांची गर्दी ओसरलेली असते आणि पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावरची, रांगेच्या मधोमधची जागा सहज मिळते. तशी जागा मिळत असेल तर तिकीट लगेच घ्या, कारण नवं वेळापत्रक लागलं की जुन्या चित्रपटाचे खेळ आधी मोठ्या सभागृहातून लहान सभागृहात जातात, मग दिवसातून एकावर येतात, आणि तो एक खेळही बहुधा अडचणीच्या वेळेचा असतो.